सात वाजता यमन की मुलतानी?

नमस्कार मंडळी,

लंडनमधल्या आपल्या शनिवारच्या मैफलीचे फोटो भरपूर आले, पण गाण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. मला मात्र तीन दिवस दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहिते.

जे उशिरा पोचले त्यांचं सुरुवातीचं हुकलं. सात वाजता पडदा उघडला तेव्हा हॉलच्या वरच्या खिडक्यांतून ऊन थेट स्टेजवर येत होतं, तानपुऱ्याच्या भोपळ्यावर चकाकत होतं. गाणाऱ्या बाईंनी कपाळावर हात आडवा धरून खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे सूर्य कधी मावळतो?" पुढच्या रांगेतून कुणीतरी सांगितलं, "नऊ वीसला." त्या तबलजींकडे वळून हळूच काही बोलल्या. पत्रिकेवर यमन छापला होता, तो सूर्यास्तानंतरचा राग. त्यांनी मुलतानी लावला, तो उतरत्या उन्हाचा.

तो पहिला निषाद, तिथून षड्ज, मग तीव्र मध्यमाला लगटून खाली येणारा कोमल गंधार. तो गंधार त्यांनी किती वेळ नुसता हलवत ठेवला! आरोहात रिषभ-धैवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी षड्जावरून गंधार, पंचमावरून निषाद अशी झेप घ्यावी लागते, आणि प्रत्येक झेप त्या नव्याने घेत होत्या. विलंबित एकतालात चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

मध्यंतरानंतर उशीर होतोय म्हणून थोडी कुजबूज झाली. मी पुढे बसले होते म्हणून मला दिसलं. त्यांची शिष्या तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून निषादात चढवत होती. खुंटी अर्धा पीळ, मग मणी किंचित सरकव, मग जवारीचा दोरा सारखा कर, पुन्हा ऐक. पुढचा राग मारवा, सूर्यास्ताच्या वेळचा. मारव्यात पंचम नाही, तेव्हा तो तानपुऱ्यातही नको. आणि मारवा सुरू झाला तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून तांबूस झालं होतं. बाई षड्जावर येतच नव्हत्या. रिषभ, गंधार, धैवत, पुन्हा निषाद, आणि षड्ज तेवढा टाळलेला. शेवटी तो लागला तेव्हा माझ्या शेजारच्या वहिनींनी माझा हात धरला.

आता प्रश्न. यमन ऐकायला आलेल्या काही जणांचा हिरमोड झाला, हे मी बाहेर ऐकलं. तुम्हाला काय वाटतं? मला तर बाईंनी केलं तेच बरोबर वाटलं.

आपली,
ताई

*

ताई, नमस्कार.

मनापासून लिहिलंत, पण मला थोडं वेगळं वाटतं. गाणं उत्तम झालं, याबद्दल दुमत नाही. पण वेळेचं बंधन आपण किती धरून बसायचं? दक्षिणेत कर्नाटक संगीतवाले रागांची वेळ आपल्याइतकी काटेकोर पाळत नाहीत आणि त्यांच्या गाण्यात त्यामुळे काही कमी पडत नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा मी सकाळी कामावर जाताना गाडीत ऐकतो. तो सकाळीही तितकाच आत जातो.

दुसरं म्हणजे माझ्या दोन्ही मुली यमन शिकताहेत. समोर बसून मोठ्या गायिकेकडून तो ऐकायचा म्हणून आठवडाभर आधीपासून तयारी चालली होती. त्यांचे उतरलेले चेहरे मी पाहिलेत. परदेशात अशी संधी वर्षातून एकदा-दोनदा येते.

दादा

*

ताई, दादा,

दोघांचंही वाचलं. मी वही-पेन घेऊन बसलो, कारण ही गोष्ट मोजता येते.

प्रहर म्हणजे तीन तास असं आपण सरसकट म्हणतो. पण जुना हिशोब वेगळा: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चार प्रहर, रात्रीचे चार. भारतात दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही, म्हणून तीन तास चालून जातं. मुंबईत वर्षभर सूर्य सहा ते साडेसातच्या दरम्यान मावळतो. आता लंडनचा जून घ्या. सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो, नऊ वीसला मावळतो. साडेसोळा तासांचा दिवस म्हणजे एक प्रहर चार तासांहून थोडा मोठा. चौथा प्रहर सुरू होतो सव्वापाचच्या आसपास. म्हणजे सात वाजता आपण दिवसाच्या चौथ्या प्रहराच्या मध्यात होतो. मुलतानीची हीच वेळ. बाईंनी खिडकीकडे बघून जे केलं, ते माझ्या वहीत अर्ध्या तासाने आलं.

आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी मुलतानीला परमेलप्रवेशक, म्हणजे एका स्वरसमूहातून पुढच्या वेळेच्या स्वरसमूहात नेणारा राग, का म्हटलं, ते शनिवारी कानांनी कळलं. दुपारच्या भीमपलासीचा कोमल गंधार अजून सुटलेला नाही, पण तीव्र मध्यम आणि कोमल रिषभ येऊन पोचलेत. तो गंधार एकदा शुद्ध झाला की आपण संधिप्रकाशात. मध्यंतराच्या अलीकडे एक गंधार, पलीकडे दुसरा. एका संध्याकाळी हे एवढं उघड ऐकायला मिळणं मोठं भाग्य.

दादा, तुमच्या मुलींचं म्हणणं खरं आहे. त्यांना यमन मिळायला हवा. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, रात्रीचा पहिला प्रहर आठपर्यंत चालतो. तेव्हा हाच हॉल, हीच सातची वेळ ठेवली, तर ती नेमकी यमनची वेळ. जूनमधल्या पत्रिकेवर तो आपण छापायला नको होता. ती चूक आपल्या समितीची, आणि मी त्या समितीत आहे. मुलींना माझ्याकडून सांगा.

अण्णा

*

अण्णा, तुमचा हिशोब वाचून मला एक आठवलं, ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

इथे येऊन मला १५ वर्षं झाली. या काळात मी समोर बसून तोडीसारखा सकाळचा राग एकदाही ऐकला नाही. भैरव नाही, ललत नाही. हॉल मिळतात संध्याकाळचे, म्हणून मैफली संध्याकाळच्या, म्हणून राग संध्याकाळचे. आपली मुलं शास्त्रीय संगीत म्हणजे यमन, पूरिया, बागेश्री असंच समजून मोठी होताहेत. कोमल रिषभ-धैवताचा भैरव त्यांच्यासाठी फक्त फोनमध्ये आहे.

जूनमध्ये भैरव ऐकायचा तर पहाटे पाचला जमावं लागेल, कुणी येणार नाही. पण तुमच्याच हिशोबाने डिसेंबर बघा. सूर्य उगवतो आठला! सकाळी आठ वाजता, मुलांना घेऊन, नीट आंघोळी करून आपण भैरवाच्या ऐन वेळी बसू शकतो. दिवस आठ तासांचा, प्रहर दोन तासांचा. दहा वाजता तोडी. बारापर्यंत सगळे घरी. ज्या अंधाऱ्या सकाळींना आपण कंटाळतो, त्याच आपल्या उपयोगी पडतील.

दादा, तुमच्या यमनची मैफल आदल्या संध्याकाळी ठेवू. एकाच कलाकाराला दोन्ही विचारता येईल.

एक अडचण आहे. हिवाळ्यात हीटर लावला की हवा कोरडी होते, तबल्याची पुडी ताणून सूर चढतो, तानपुराही सारखा उतरतो-चढतो. तेव्हा हॉल साडेसहालाच उघडून हवा, म्हणजे वाद्यांना खोलीची सवय होईल. चावी आणायला मी जाईन. जाजम घालायला दोघं आणि कलाकारांना गाडीतून आणायला एक जण लागेल. कोण येतंय ते रविवारपर्यंत कळवा.

ताई

*

ताई, गाडी माझी. मुलीही येतील, साडेसहाला. तानपुरा लावताना बघायचा आहे म्हणतात.

दादा