गच्चीवरच्या कुंडीत सी बकथॉर्न : माती कसली, पावसाळ्यात काय करायचं?

गच्ची_टिळकवाडी
सी बकथॉर्नचं (रुपेरी पानांचं काटेरी फळझाड) फूटभर रोप मागवलंय, अजून पिशवीतच आहे. बेळगावात टिळकवाडीत पश्चिमेची गच्ची, दुपारी बारापासून कडक ऊन. कुंडी-मातीसकट ८०० रुपयांत बसवायचं आहे आणि मृगाआधी लावून टाकायचं आहे. फळ मिळालं तर उत्तमच. जाणकारांनी सांगा.

निपाणीचा_मळा
पहिलं काम म्हणजे वर पारदर्शक पत्र्याचं शेड मारा. ६ बाय ४ फुटाचा लोखंडी सांगाडा, सात-आठ हजारांत होतंय. आमचं तसलंच हाय, पावसात एक कुंडी कुजत नाही. कुंडी २४ इंची सिमेंटची घ्या आणि माती आमच्याकडची काळी. तिच्यात ताकद असते.

जांभा_खानापूर
अण्णा, त्यांचं बजेट ८०० आहे की हो. आणि काळी माती याला अजिबात नको. हे लडाख-स्पितीतल्या नदीकाठच्या वाळूगोट्यांतलं झाड. मुळं उथळ, त्यांना हवा लागते. काळी माती पावसात चिकटून बसते आणि मुळं गुदमरून कुजतात. पान पिवळं पडून मान टाकतं आणि माती मात्र ओलीच असते. तेव्हा लोक तहान समजून आणखी पाणी घालतात, तिथंच झाड जातं.

मिश्रण असं करा: २ घमेली जाड वाळू (गाळ धुऊन काढलेली), १ घमेलं तांबडी माती, १ घमेलं बारीक खडी, पूर्ण कुजलेलं शेणखत दोन मुठी. आपली तांबडी माती आंबट, याला सामू (म्हणजे pH) ६ ते ७.५ मानवतो. म्हणून १० लिटर मिश्रणाला २ चमचे चुनखडीची पूड घाला. खायचा चुना नको, तो मुळं भाजतो.

कुंडी १२ इंची पुरे. फूटभर रोपाला २४ इंची दिली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. पिशवी उभी कापा, मातीचा गड्डा न फोडता बसवा.

युरिया, डीएपी बंद. मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जीवाणू हवेतला नत्र धरतात, वरून नत्र घातला की गाठी कमी होतात. त्या गाठी सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) समजून कापू नका. सूत्रकृमीनं मूळच आतून फुगतं, या गाठी मुळाच्या बाजूला पोवळ्यासारख्या झुपक्यात येतात.

अनगोळ_अक्का
खडी-वाळू बरोबर. युरिया नको, तेही बरोबर. तळाला मात्र खापऱ्यांचा चार इंच थर पाहिजेच.

जांभा_खानापूर
नको अक्का. पाणी वरच्या बारीक मातीतच अडून राहतं, खापऱ्यांच्या थरात लगेच उतरत नाही. उलट मुळांची चार इंच जागा जाते. प्रत्येक भोकावर एक खापरी आणि कुंडी दोन विटांवर, एवढंच.

अनगोळ_अक्का
आमच्या सगळ्या कुंड्यांत थर आहे आणि सगळ्या ठणठणीत आहेत. बाकी ऑनलाइन घेतलेल्या बियांतलं एकही उगवलं नाही, पैसे पाण्यात. रोप घेतलं ते बरं केलं.

शहापूर_कलमवाला
अक्का, बी नुसतं पेरून उगवत नाही. २४ तास भिजवा, ओल्या वाळूत मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात महिना-दोन महिने ठेवा, मग पेरा.

पण मूळ प्रश्नाला कुणी हातच घातला नाही. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. बियाण्याचं रोप असेल तर फुलोरा येईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, कळतच नाही. बागेत सहा-आठ माद्यांना एक नर ठेवतात. परागण वाऱ्यानं होतं, मधमाशीचा उपयोग नाही. फळ पाहिजे तर खात्रीच्या कलमांची जोडी घ्या.

निपाणीचा_मळा
मग चार रोपं घ्या. शेडात मावतील.

चोर्ला_घाट
जोडी घेऊनही इथं फळाची आशा धरू नका. या झाडाला लांब, कडक थंडीची झोप लागते. बेळगावची डिसेंबरची रात्र १२-१४ अंशांची, ती पुरत नाही. कुणी कुंडी फ्रिजमध्ये ठेवायला सांगेल, तर दोन-चार दिवसांनी भागत नाही, आठवडे लागतात.

त्यापेक्षा आंबगूळ लावा. सी बकथॉर्नच्याच कुळातलं, आपल्या घाटातलं, पानाखाली तशीच रुपेरी झाक, फळ आंबटगोड. आपला पाऊस त्याच्या अंगवळणी आहे.

शहापूर_कलमवाला
आंबगूळ चांगलंच, पण ते वेलासारखं पसरतं. गच्चीवर दरवर्षी छाटावं लागेल.

आणि उन्हाचं एक राहिलं. ऊन पानांना पाहिजे, कुंडीला नको. काळी प्लास्टिक कुंडी एप्रिलमध्ये स्लॅबवर तापते आणि मुळं शिजतात. बाहेरून पोतं गुंडाळा. पाणी बोट घालून बघून द्या, वरचे दोन इंच सुकले की भरपूर.

गच्ची_टिळकवाडी
सगळ्यांचे आभार. ठरवलं असं: रोप ठेवणार, एकटंच. रुपेरी पानांसाठी. जोडी नाही, शेड नाही, आंबगूळही आत्ता नाही. कुंडीऐवजी १५ इंची कापडी ग्रो बॅग घेतली, वाळू-खडीसकट ६४० रुपयांत बसलं. जून ते सप्टेंबर जिन्याच्या पत्र्याखाली दक्षिणेच्या कडेला ठेवीन.

जांभा_खानापूर
पिशवी मोठी झाली, १२ इंची पुरत होती. कापडी आहे म्हणून चालेल, बाजूनं वाळते. पण ऑक्टोबरच्या उन्हात तीच बाजू पहिली सुकते, तेव्हा रोज सकाळी बोट कडेला घालून बघा, मधे नको. हातमोजे जाड घ्या, काटा खोल जातो.