घरच्या पडद्यावरचे पार्श्वसंगीत : आपापले अनुभव लिहा

चित्रपटगृहात ऐकलेले पार्श्वसंगीत घरी कॅसेटवर, डीव्हीडीवर किंवा ब्लू-रेवर तसेच उरते का, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. कोणत्या आवृत्तीने एखाद्या चित्रपटाचे संगीत तुमच्यासाठी उजळले किंवा बिघडवले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

माझ्याकडे एका आवडत्या चित्रपटाची पाल पद्धतीची (पाल म्हणजे भारतात व युरोपात रूढ असलेली दूरचित्रवाणीची पद्धत) डीव्हीडी होती. तिच्यावरून ऐकत मुख्य धून कीबोर्डवर बसवायला गेले, तर एकही स्वर जुळेना; एक पट्टी दाबली की स्वर कमी पडे आणि शेजारची दाबली की किंचित चढा लागे. कीबोर्डच बिघडला असे समजून मी तो तपासूनही आणला. कारण पुढे कळले. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो, पाल पद्धतीला २५ लागतात, म्हणून तो सुमारे चार टक्के वेगाने पळवला जातो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण स्वर मुद्दाम खाली आणला नाही तर सगळे संगीत जवळजवळ पाऊण अर्धस्वराने (अर्धस्वर म्हणजे कीबोर्डच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर) चढते आणि नेमके दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसते. नंतर त्याच चित्रपटाची ब्लू-रे घेतली, तेव्हा मूळ पट्टीतली धून मला कितीतरी दिवस उतरलेली वाटत राहिली. चुकीची पट्टी कानात इतकी मुरली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

* * *

माझा अनुभव व्हीएचएसचा, म्हणजे घरच्या व्हिडिओ कॅसेटचा आहे. तिच्या साध्या ध्वनिपट्टीसाठी फीत ऑडिओ कॅसेटपेक्षाही सावकाश सरकते, त्यामुळे लांब धरलेला स्वर हमखास डुलतो. आमच्या कॅसेटमधला शेवटचा प्रसंग आम्ही इतक्यांदा मागे नेऊन पाहिला होता की तिथली फीत झिजली होती आणि व्हायोलिनचा एक लांब स्वर थरथरत असे. ती थरथर वादकाचीच, असे मी धरून चाललो होतो. डीव्हीडीवर तो स्वर सरळ, स्थिर निघाला आणि त्याच्याखाली डबल बासची एक हलकी साथही ऐकू आली, जी इतकी वर्षे खरखरीत बुडालेली होती. जुन्या कॅसेटची आठवण मला प्रिय आहे, पण संगीतकाराने लिहिले होते ते मी डिस्कवरच पहिल्यांदा ऐकले.

* * *

मूकपटांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण तिथे आवृत्ती बदलली की संगीतच बदलते. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मी प्रथम जॉर्जिओ मोरोडर यांच्या १९८४च्या आवृत्तीत, पॉप गाण्यांसह पाहिला आणि तो मला एक लांबलेला संगीत-व्हिडिओ वाटला. पुढे ब्यूनोस आयर्समध्ये २००८ साली सापडलेल्या प्रतीच्या आधारे सिद्ध झालेली २०१०ची आवृत्ती गॉटफ्रिड हुपर्ट्झ यांच्या मूळ संगीतासह पाहिली, तेव्हा यंत्रांच्या प्रसंगांतील वाद्यवृंद आणि कामगारांची पावले एकाच श्वासात चालताना दिसली. त्या स्वरलिपीत प्रसंगांच्या खुणा लिहिलेल्या होत्या आणि पुनर्बांधणी करताना दृश्यांचा क्रम लावण्यासाठी त्यांचाच आधार झाला, हे वाचल्यापासून पार्श्वसंगीताला नुसती ‘साथ’ म्हणणे मला जमत नाही. मूळ संगीत उपलब्ध असेल तर डिस्कवर तेच पहिले असावे आणि नवे संगीत पर्याय म्हणून द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

* * *

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ला श्रेयनामावली आणि नाट्यगृहाचा प्रसंग सोडला तर संगीत जवळपास नाहीच. संगीतकार फिलिप ग्लास यांनी त्याच्यासाठी रचलेले आणि क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीने वाजवलेले संगीत १९९९च्या आवृत्तीत वेगळ्या ध्वनिपट्टीवर मिळाले. मी एकाच आठवड्यात दोन्ही तऱ्हांनी चित्रपट पाहिला. ग्लास यांच्या तंतुवाद्यांनी कथेला गती येते, हे खरे. पण जिन्यावरच्या भेटीतली ती जड शांतता मात्र हरवते. दोन्ही एका डिस्कवर होते म्हणूनच मला हे कळले. कोणते पहिले आणि कोणते दुसरे, यापेक्षा दोन्ही असणे महत्त्वाचे.

* * *

माझी तक्रार उलट आहे. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ या जुन्या चित्रपटाच्या १९९६च्या पुनर्संस्करणात बर्नार्ड हरमन यांचे संगीत स्टिरिओत ऐकून मी भारावलो, पण त्याच वेळी पावले, दारे, बंदुकीचे आवाज नव्याने मुद्रित करून घातलेले होते आणि ते जुन्या चित्रात उपरे वाटत राहिले. नवे मिश्रण जरूर करावे. शेजारी मूळ मोनो (एकाच वाहिनीची) ध्वनिपट्टी मात्र हवीच.

* * *

फक्त संगीताची स्वतंत्र ध्वनिपट्टी काही डिस्कवर असते, तिचा अनुभव लिहिते. संवाद व इतर आवाज नाहीसे होतात आणि चित्रावर एकटे संगीत उरते. एका चित्रपटातला निरोपाचा प्रसंग मी अशा रीतीने पाहिला. त्याला हळवे संगीत होते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. प्रत्यक्षात संगीत दार उघडण्याच्या आधीच थांबते, पात्रांचे ओठ हलत राहतात, आणि मोटार वळणाआड गेल्यावर एकटी बासरी सुरू होते. तो प्रसंग मी त्या रात्री तीनदा मागे नेऊन पाहिला.