मदत हवी आहे – अ‍ॅरिझोनाच्या 'द वेव्ह'ला अण्णांना न्यावं का? (वय ६४, रोज अजिंक्यतारा चढतात)

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये मी आणि अण्णा दादाकडे फिनिक्सला चाललोय. व्हिसा झालाय, तिकिटं काढायचीत. अण्णांनी नोकरीभर साताऱ्यात भूगोल शिकवला त्यामुळे ग्रँड कॅन्यन बघायचा हे तर ठरलेलंच, पण त्यांच्या मनात खरं बसलंय ते 'द वेव्ह'. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवर व्हर्मिलियन क्लिफ्सचा वाळवंटी भाग आहे, तिथं कायोटी ब्यूट्स नॉर्थमध्ये वालुकाश्माचे लाटांसारखे खडक आहेत. ज्युरासिक काळातल्या, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड झाल्या, आणि वाऱ्यानं वाळू जशी तिरपी थरावर थर बसत गेली तसे ते थर अजून दिसतात, लोहामुळं लाल, केशरी, पिवळे. आपण इथं यवतेश्वरच्या घाटात आडवा काळा बेसॉल्ट बघत मोठे झालो. अण्णा म्हणतात, आपल्याकडं लाव्हा गोठलाय, तिथं वारा गोठलाय, ते एकदा बघायचंय मला. आता एवढं म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार.

परमिटचं मी जेवढं वाचलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. दिवसाला फक्त ६४ माणसं सोडतात. त्यातली ४८ आधीच्या ऑनलाइन लॉटरीतून, ती चार महिने आधी भरायची, म्हणजे एप्रिलसाठी डिसेंबरभर अर्ज चालू आणि १ जानेवारीला निकाल. तीन तारखा देता येतात, अर्जाचे ९ डॉलर परत मिळत नाहीत, नंबर लागला तर माणशी ७ डॉलर वेगळे. उरलेल्या १६ जागांची लॉटरी दोन दिवस आधी, आणि ती मोबाइलवर कॅनब, पेज या जवळच्या गावांच्या पट्ट्यात असतानाच भरता येते. नंबर लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ऑफिसात सेफ्टीची माहिती ऐकायला जावं लागतं. फिनिक्सहून पेज गाडीनं साडेचार तास, म्हणजे दादाला रजा काढून तिकडं मुक्काम ठोकून बसावं लागणार. रोजच्या लॉटरीच्या भरवशावर वयस्कर माणसाला घेऊन जाऊन बसणं शहाणपणाचं आहे का? कुणाला असं लागलंय का?

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. जाऊन-येऊन १० किलोमीटरच्या आसपास चाल, चढ फारसा नाही, पण आखलेली वाट नाही. परमिटसोबत फोटो असलेला नकाशा देतात, त्यावरचे डोंगर ओळखत जायचं. सह्याद्रीत कसं, बाण रंगवलेले असतात, गडावर पाण्याचं टाकं असतं, वाट चुकली तरी गुराखी भेटतो. तिथं पाणी अजिबात नाही, सावली नावालाच. माणशी चार लिटर तरी न्या असं सांगतात. २०१३ च्या जुलैत तिथं उन्हात तीन जणांचा जीव गेला हे वाचल्यापासून मला नीट झोप नाही. एप्रिलात तसं ऊन नसतं हे कळतं, तरीपण.

अण्णांचं सांगायचं तर दम चांगला आहे. रोज सकाळी अजिंक्यतारा, पावसाळ्यातसुद्धा. मात्र उतरताना डावा गुडघा धरतो, वळणावर काठी रोवून आधी उजवा पाय खाली टाकतात, मग दोन सेकंद थांबतात, मग डावा. थांबलेत हे आपल्याला कळू नये म्हणून तेवढ्यात कासच्या बाजूला बघतात. वाळूत आणि गुळगुळीत तिरप्या खडकावर हा गुडघा कसा वागेल? दुसरं म्हणजे त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, माणसाला कळतच नाही किती पाणी गेलं, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणी अशा गोळ्या चालू असताना आईवडिलांना तिकडं चालवलंय का? ओआरएस किती, मध्ये खायला काय ठेवलंत? मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी म्हणतेय, पण चटणीनं तहान वाढेल असं दादा म्हणतो.

तिसरं रस्त्याचं. हायवेवरून वायर पासला, म्हणजे चाल जिथून सुरू होते तिथं, जाणारा हाऊस रॉक व्हॅलीचा रस्ता कच्चा, साधारण १३ किलोमीटर, आणि पाऊस पडला की चिखलात गाडी निघत नाही म्हणे. दादाची साधी सेडान आहे. एसयूव्ही भाड्यानं घ्यावीच का?

नाहीच जमलं तर मी दोन पर्याय काढलेत. कॅनब-पेज हायवेलगतचे टोडस्टूल हूडू, खाली मऊ खडक झिजलेला आणि वर कठीण दगडाची टोपी, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर आणि परमिट नाही. नाहीतर लास व्हेगासजवळ व्हॅली ऑफ फायरमधली फायर वेव्ह, ती तर अजून छोटी. अण्णांना पटवायचं तर "दुसरं बघू" म्हणून चालणार नाही, थर तिथंही तसेच तिरपे दिसतात हे दाखवावं लागेल. फायर वेव्हला जाऊन आलेल्यांनी प्लीज जवळून काढलेले फोटो टाका.

अपडेट: गाइड घ्या म्हणणाऱ्यांचे आभार. चौकशी केली, गाइड घेतला तरी परमिट आपल्यालाच मिळवावं लागतं, पण वाट दाखवायला माणूस असेल तर माझा अर्धा जीव खाली पडेल. अण्णांनाही सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते म्हणाले, खडकाच्या पातळ कडांवर पाय द्यायचा नाही, मोडतात त्या, आणि काळपट खरखरीत मातीच्या थरावर तर नाहीच, त्यात सूक्ष्मजीव असतात, तो जिवंत असतो, हे आधी दादाला सांग. म्हणजे तयारी त्यांची सुरूच आहे.

अर्ज डिसेंबरात भरायचाय, तर साठीच्या पुढच्या माणसाला घेऊन स्वतः गेलेल्यांनी किती वाजता निघालात, किती तास लागले आणि परतताना त्यांची अवस्था कशी होती एवढं तरी नक्की लिहा. इथं नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.