नववीतल्या पोराला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं का?

कोथरूडची आई: काल चिरंजीवांचा फोन मी तांदळाच्या डब्यात लपवला. पठ्ठ्याने अख्खा डबा ओट्यावर पालथा केला, मी आडवी गेले तर मला ढकललं. हे व्यसन नाही तर काय? दारू-गर्दला (ब्राउन शुगरला) जे उपचार, तेच स्क्रीनला हवेत. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचीही माझी तयारी आहे.

सोबर, 11 वर्षं: ताई, मी मुक्तांगणमध्ये राहून आलोय, दारू सोडून 11 वर्षं झाली. 1986 साली ते निघालं ते गर्दच्या पोरांसाठी. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात, फिट येते, जीवही जातो. माझ्या शेजारच्या कॉटवरचा माणूस रात्रभर भिंतीवरचे किडे झटकत होता, भिंतीवर काही नव्हतं. तुमचा मुलगा फोन गेल्यावर जेवला का? जेवला असेल तर जरा थांबा.

एमए मानसशास्त्र, भाग 2: काका, व्यसनाला पोटात काही जावंच लागतं असं नाही. जुगारात तरी पोटात काय जातं? पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या त्यांच्या यादीत, जुगाराला दारूच्याच प्रकरणात बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीतही 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, 2022 पासून लागू. फक्त अट बघा: ताबा सुटलेला, खेळापुढे बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसूनही चालूच, आणि हे साधारण 12 महिने. सरसकट 'स्क्रीन' नावाचा आजार त्यात नाही.

पेठेतला: दारू कायमची सोडता येते. फोन कसा सोडणार? शाळा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, क्लासवाले व्हिडिओ पाठवतात. रोजचा डोस घरपोच!

हिंजवडी फेज 2: मी अ‍ॅप बनवणाऱ्यांतला. नोटिफिकेशन किती वाजता गेलं की माणूस परत येतो, यावर आमच्याकडे तासतास मीटिंगा चालतात. दारूच्या दुकानाला परवाना लागतो, वयाची अट असते. इथे दुकानदार मोकळा आणि पेशंट म्हणून पकडायचं 14 वर्षांच्या पोराला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांची सोशल मीडिया खाती बंद केली, त्यात दंड कंपनीला आहे, आईबापांना नाही.

पेठेतला: मीटिंगला तुम्हीही असता ना?

हिंजवडी फेज 2: असतो. ईएमआय आहे.

मूळची सांगलीची: आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेही. आमच्या सोसायटीत सुचवलं, तर आधी सेक्रेटरीच म्हणाले, तेव्हा मॅच असते.

कोथरूडची आई: जेवला. दोन पोळ्या जास्तच. पण सोबरदादा, ढकललं त्याचं काय?

सोबर, 11 वर्षं: ते फोनच्या खात्यात टाकू नका. मी बायकोवर हात उचलायचो तेव्हा आई म्हणायची, तो नाही हो, त्याची दारू बोलते. मला ते फार सोयीचं होतं. माफी मागायला सहा वर्षं लागली.

कोथरूडची आई: सांडलेले तांदूळ अजून परातीत तसेच आहेत. उद्या क्लासच्या आधी त्यालाच निवडायला बसवते, मीही बसते समोर.