ऑल्टमध्ये कीवर्ड? अहो, तो कोणासाठी आहे!

कानसेन: 'प्रत्येक चित्राच्या ऑल्टमध्ये मुख्य कीवर्ड दोन-तीनदा घाला' हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. कीवर्ड म्हणजे शोधाचे शब्द; ऑल्ट म्हणजे चित्रामागे लिहिलेलं, चित्र न दिसणाऱ्यासाठीचं वर्णन. मला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बोलेल तेवढंच पान माझं. बुटांच्या साइटवर फोटोमागून फोटो 'स्वस्त बूट, उत्तम बूट, ऑनलाइन बूट' ऐकतो. रंग कोणता, लेस आहे का, याचा पत्ता नाही. कीवर्ड कोंबू नका, असं गूगलही सांगतं.

शोधयात्री: पण ऑल्ट गूगल वाचतंच ना? चित्रावर लिंक असेल तर ऑल्ट हाच लिंकचा मजकूर धरतात. ग्राहक शोधातूनच येतो, साहेब. आणि सजावटीच्या नक्षीचंही वर्णन लिहीत बसू का?

कानसेन: नक्षीला ऑल्ट रिकामा ठेवा. गाळू मात्र नका. गाळला की स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचत सुटतो. शोधाच्या बटणावरच्या भिंगाच्या चित्राला ऑल्ट 'भिंग' नको, 'शोधा' हवं. डब्ल्यूसीएजीत, म्हणजे वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, हा नियम १.१.१ आहे, 'ए' पातळीचा, म्हणजे अगदी किमान अपेक्षा.

लुकलुक: ऑल्टचं राहू द्या, सूचना आणि वेळापत्रकं सरसकट चित्र करून टाकतात त्याचं काय? वडिलांची नजर अधू आहे. मोठं करावं तर अक्षरं फुटतात. अर्जाची मुदत त्यांना शेजाऱ्याकडून कळली, तीही उलटून गेल्यावर!

शोधयात्री: मजकूर टाकला की जोडाक्षरं तुटतात, म्हणून चित्र करतो.

लुकलुक: कुठल्या काळात आहात? युनिकोड आहे, फॉन्ट पानासोबत पाठवता येतो. चित्रातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही. आणि तुम्हाला एवढा प्रिय असलेला शोध, तोही साध्या मजकुरावरच नीट चालतो.

शोधयात्री: वैयक्तिक होऊ नका. वर्णनं आता यंत्र लिहितं. फेसबुकवर २०१६ पासून आहे.

कानसेन: यंत्र मला 'आलेख' एवढंच सांगतं. विक्री वाढली की घसरली, ते कोण सांगणार? तो आलेख तिथे का टाकला, हे टाकणाऱ्यालाच ठाऊक. स्वतःची साइट कधी स्क्रीन बंद करून ऐकलीत?

शोधयात्री: नाही ऐकली. बरं, उत्पादनांच्या फोटोंना रंग-प्रकार लिहीन, शोधाचे शब्द त्यातही येतातच. वेळापत्रक मात्र चित्रच राहील. सगळा मजकूर ऑल्टमध्ये टाकतो.

कानसेन: ऑल्टमध्ये ओळी-रकाने राहत नाहीत, सलग ऐकू येतं. मंगळवारची वेळ शोधायला मी पुन्हा पहिल्यापासून ऐकू? पानावर तक्ता करा.