मदत हवी आहे: नवं ऑफिस सॉफ्टवेअर आणि गॅजेट्स घेण्याजोगी आहेत का, हे कसं ठरवता?

नमस्कार मंडळी,

आमचं चौघांचं हिशेब लिहिण्याचं छोटं ऑफिस आहे. सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आणि ऑफिस २०१९. दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काम अजून सुरळीत चालतं, पण लोकांच्या बँकखात्यांचे तपशील ज्या मशीनवर आहेत तिला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, हे मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणजे खर्च करायचा हे नक्की. कशावर, तिथे अडलंय.

माझ्या भागीदारांचं म्हणणं आहे की सगळंच नवं घेऊ: एआय चिपवाले 'कोपायलट प्लस' लॅपटॉप, मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी आणि मीटिंग ऐकून टिपणं काढणारं एक एआय रेकॉर्डर. मी परीक्षणं वाचली, व्हिडिओ पाहिले. नव्या सोयींची यादी त्यांत भरपूर मिळते. पण परीक्षण करणारा कोरी फाइल उघडून दाखवतो; आमच्या फाइलींत वर्षानुवर्षांचे मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत आणि एका शीटचा आकडा दुसऱ्या दहा शीटमध्ये जातो. तिथे काय होईल हे कुणीच सांगत नाही.

तर, विकत घेण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता? वर्गणी बरी की एकदाच पैसे भरून ऑफिस २०२४? लिबरऑफिस या दुसऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरवर भागेल का? आणि ते रेकॉर्डर खरंच उपयोगाचं असतं का?

प्रतिसाद १

जाहिरात बाजूला ठेवा आणि आधी तक्रारींची यादी करा. आठवडाभर चौघांनीही, काम कुठे अडलं की तिथल्या तिथे एक ओळ लिहायची. 'फाइल उघडायला वेळ लागतो', 'रकाना घातला की सूत्र बिघडतं', असं. मग एकेका तक्रारीसमोर विचारायचं, की ही नव्या वस्तूने जाईल का. जी सोय यादीतल्या एकाही ओळीला लागू पडत नाही, तिचे पैसे देऊ नका.

उदाहरण देतो. एक्सेलच्या व्हीलुकअपमध्ये (तक्त्यातून हवा तो आकडा शोधून आणणारं सूत्र) रकान्याचा क्रमांक सूत्रातच लिहिलेला असतो, त्यामुळे मध्ये एक रकाना घातला की चुकीचा आकडा येतो आणि तो चुकलाय हे दिसतही नाही. त्याचंच नवं रूप असलेलं एक्सलुकअप थेट त्या रकान्याकडेच बोट दाखवतं, मग हा घोटाळा होत नाही. ऑफिस २०१९ मध्ये ते नाही. २०२१ पासून आहे. हिशेबाच्या ऑफिससाठी ही एकच गोष्ट माझ्या मते साऱ्या एआय सोयींपेक्षा मोलाची. मात्र तुमच्या ग्राहकाकडे २०१९ असेल तर त्याच्या मशीनवर ते सूत्र नव्याने मोजलं जाणार नाही, त्रुटी येईल. म्हणून फाइली कुणाकुणाकडे जातात तेही बघा.

संथपणाची तक्रार असेल तर विंडोजमधलं टास्क मॅनेजर (मशीनवर कशाचा किती भार आहे ते दाखवणारं) उघडून ठेवून नेहमीचं काम करा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर तीच मशीन इतकी वेगाने चालते की ओळखू येत नाही. मेमरी भरत असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल किंवा नंतरचा असेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल, तर बहुतेक ठिकाणी विंडोज ११ त्याच मशीनवर चढतं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे सांगतं.

वर्गणीचं म्हणाल तर, ती थांबली की फाइली उघडतात, छापताही येतात, पण बदल करता येत नाहीत. ऑफिस २०२४ एकदा घेतलं की एका मशीनवर कायम तुमचं. नव्या सोयी मिळत नाहीत, सुरक्षा अपडेट मात्र ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळतील. ऑफिस २०२१ कुठे स्वस्तात दिसलं तर घेऊ नका, त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ लाच संपते.

प्रतिसाद २

रेकॉर्डरबद्दल. डबा तुमचा असला तरी आवाजाचं लिखाणात रूपांतर बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर होतं. सर्व्हर बंद झाला की वस्तू निकामी. ह्यूमेन कंपनीची कपड्यांवर लावायची एआय पिन २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हाती आली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला बंद पडली. स्पॉटिफायचं गाडीत गाणी ऐकण्यासाठीचं उपकरण, कार थिंग, ९ डिसेंबर २०२४ नंतर चालेनासं झालं. विकणाऱ्याला एवढंच विचारा: इंटरनेट नसताना ही वस्तू काय काय करते? शिवाय ग्राहक तुमच्याशी पैशांबद्दल विश्वासाने बोलतात. त्यांना न विचारता ते बोलणं तिसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणं मला तरी पटत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तक्रारींची यादी आजपासूनच सुरू करतो. रेकॉर्डरचा विषय भागीदारांपुढे ठेवला, त्यांनाही ग्राहकांचा मुद्दा पटला. आता लॅपटॉप राहिले. आमच्याकडे एक जुना स्कॅनर आहे आणि त्याच्यावाचून दिवस निघत नाही. नव्या लॅपटॉपला तो चालेल ना? आणि चौघांत मिळून ३६५ ची फॅमिली योजना घेतली तर?

प्रतिसाद ३

फॅमिली नको. ती योजना घरगुती वापरासाठी आहे, ऑफिसच्या कामाला तिचा परवाना लागू होत नाही. व्यवसायासाठीच्या योजना वेगळ्या आहेत.

लॅपटॉप घेताना प्रोसेसर कुठला ते आधी बघा. कोपायलट प्लसच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्नॅपड्रॅगन, म्हणजे आर्म जातीचा प्रोसेसर असतो. जुने प्रोग्रॅम त्यावर रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर (स्कॅनरसारखी वस्तू कॉम्प्युटरकडून चालवून घेणारे प्रोग्रॅम) तसे चालत नाहीत. ते आर्मसाठीच बनवलेले लागतात. स्कॅनरच्या कंपनीच्या पानावर विंडोज ११ आर्मचा ड्रायव्हर नसेल, तर इंटेल किंवा एएमडीच घ्या. 'कोपायलट प्लस' या नावासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी एआय चिप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. यातली रॅम तुमच्या रोज कामी येईल. एक्सेलची बेरीज त्या एआय चिपवर होत नाही, आणि ऑफिसमधला कोपायलट मुख्यतः कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याला ती चिप लागत नाही.

लिबरऑफिस फुकट आहे, तेव्हा आजच एका मशीनवर टाका आणि तुमची सगळ्यात किचकट फाइल प्रत काढून त्यात उघडा. २४.८ या आवृत्तीपासून त्यात एक्सलुकअपही आहे. अडचण येईल ती मॅक्रोंची. एक्सेलचे मॅक्रो त्यात अर्धेमुर्धेच चालतात. दोन्हीकडच्या बेरजा ताडून बघा.

धागाकर्ता

स्कॅनरचा आर्म ड्रायव्हर नाही, आत्ताच पाहिलं. म्हणजे ते लॅपटॉप बाद. दोन मशीन विंडोज ११ ला पात्र आहेत, त्यांना एसएसडी टाकतो. मॅक्रोवाली फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली: बेरजा जुळल्या, पण छपाईचा मॅक्रो थांबला. तो कुणी लिबरऑफिससाठी नव्याने लिहिला असेल तर किती वेळ लागला ते कृपया सांगा. त्यावरच ऑफिस २०२४ किती मशीनसाठी घ्यायचं ते ठरेल.