रोहित पक्ष्यांची वीण आणि कारवीचा बहर यांची रीत एकच म्हणावी का?

खाडीकाठ:
ठाणे खाडीच्या चिखलात चोच उलटी बुडवून चरणारे रोहित (फ्लेमिंगो) मी दर हिवाळ्यात पाहतो आणि २०२४ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फुललेली कारवीही, म्हणजे आठ वर्षांतून एकदाच बहरणारे डोंगरउतारावरचे झुडूपही, पाहिली. रोहितांची वीण दरवर्षी होतेच असे नाही, कच्छच्या रणात पाणी मनाजोगते साचले तरच हजारो जोड्या एकदम घरटी बांधतात, असे वाचनात आले. वर्षानुवर्षे थांबायचे आणि मग सगळ्यांनी मिळून उरकायचे, ही दोघांची एकच रीत आहे का?

घाटवाट:
साम्य दिसते, पण थांबण्याचे कारण निराळे आहे. चिखलाचे बुटके, वर खोलगट घरटे रचायला रोहिताला ओली माती लागते आणि कोल्ह्याकुत्र्यांना दूर ठेवणारे उथळ पाणी भोवताली लागते. ते नसेल, तर वर्ष मोकळे जाते. कारवीचा हिशेब मात्र तिच्या अंगातच असतो, म्हणूनच २००८, २०१६ आणि २०२४ हे बहर आठ-आठ वर्षांच्या अंतराने आले. त्याहून मोठा फरक असा, की कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते, तर काही दशके जगणारा रोहित एका विणीत एकच अंडे घालतो आणि एखादे वर्ष हुकले तरी पुढच्या वर्षाची वाट पाहू शकतो. कारवीला ती सवलत नाही. म्हणून बियांचा एवढा सडा, की खाणाऱ्यांची पोटे भरूनही उरावा.

कूड:
एक पुरवणी जोडतो. फुले गळली म्हणजे संपले असे नाही. बोंडे उन्हाळाभर झाडावर वाळत राहतात आणि पावसाच्या तोंडाशी ओल लागली की तडतडून फुटतात. त्या आवाजाने रान जागे असल्यासारखे वाटते. उरलेल्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून आमच्या घराच्या भिंती झाल्या होत्या.

पाणथळ:
'घाटवाट' यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु रोहिताला वीण स्वस्तात पडते असे कोणी समजू नये. त्याचा गुलाबी रंग उसना, शैवालासारख्या खाद्यातून आलेला असतो. राखाडी, सरळ चोचीच्या पिलाला नर आणि मादी दोघेही अन्ननलिकेत तयार होणारा लालसर, दुधासारखा स्राव पाजतात, आणि पिलू वाढत असताना त्यांची स्वतःची पिसे फिकी पडत जातात. कारवीसारखा तो वाळून जात नाही एवढेच; उडालेला रंग त्याला पुन्हा चिखलातूनच वेचावा लागतो.